एम्प बदलायच्या आधी सोफा हलवून बघा

तुमचं म्हणणं मला असं समजलं: रूम ४ मीटर बाय ३ मीटर, उंची साधारण २.८ मीटर, खाली टाइल्स, एका बाजूला मोठी काचेची खिडकी, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, स्पीकर चांगले आहेत, स्टँडवर आहेत, तरी बास घुमतो, गायकाचा आवाज कानाला टोचतो आणि जरा व्हॉल्यूम वाढवला की थोड्या वेळात कान दमतात. आणि आता नवीन एम्प (अँप्लिफायर) घेऊ की डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारी पेटी) घेऊ असं विचारताय.

दोन्ही घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. एम्प किंवा डॅक बदलून घुमणारा बास कमी होत नाही, कारण तो घुमतोय रूममध्ये. मी स्टुडिओ आणि लोकांच्या घरच्या रूम्स दोन्हीची कामं बरीच वर्षं करतोय आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं इतकी ओळखीची आहेत की स्पीकरचं नाव न विचारता सुद्धा सांगता येतं काय चाललंय ते. चांगल्या एम्पचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती जोरात येतो त्याची रेष, ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत सरळ असतो, आणि तोच आवाज तुमच्या रूममधून तुमच्या कानापर्यंत येईपर्यंत बासमध्ये १५-२० डेसिबलचे चढउतार झालेले असतात, हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये, कुठल्याही रिकाम्या रूममध्ये माइक ठेवून मोजलं की हेच दिसतं. स्पीकर बदलले तर फरक पडतो, नाही असं नाही, पण ते नवीन स्पीकरसुद्धा याच रूममध्ये वाजणार ना.

आधी बासचं बघू कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि सगळ्यात कमी लोक तिकडे लक्ष देतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट बरोब्बर अर्धी मावते ती त्या अंतराची पहिली मोड, म्हणजे ३४३ भागिले अंतराच्या दुप्पट. तुमच्या रूमची लांबी ४ मीटर म्हणून ४३ हर्ट्झ, रुंदी ३ मीटर म्हणून ५७ हर्ट्झ, उंची २.८ म्हणून ६१ हर्ट्झ. शेवटचे दोन आकडे बघा, ५७ आणि ६१, जवळजवळ एकमेकांवर बसलेत. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं की तो जसा वाढत जातो तसं या फ्रिक्वेन्सीला होतं, स्पीकर थांबला तरी रूम ते वाजवत राहते. तुमचा बास घुमतो तो बहुतेक इथे, ६० च्या आसपास. बेस गिटारच्या काही ठराविक नोट्स धाडकन येतात आणि शेजारच्या नोट्स गायब असतात, असं होत असेल तर समजा हेच आहे.

आता मोड रूममध्ये सगळीकडे सारखी नसते. भिंतीला चिकटून तिचं प्रेशर सगळ्यात जास्त, आणि पहिल्या मोडचं बरोब्बर मध्यावर जवळपास शून्य. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलाय म्हणजे डोकं नेमकं अशा जागी आहे जिथे लांबीच्या सगळ्याच मोड्स सगळ्यात जोरात ऐकू येतात. त्यामुळे पहिलं काम: सोफा पुढे ओढा. रूमच्या मधोमध नको, तिथे ४३ चा खड्डा पडतो, म्हणजे तो सूर जवळपास ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीपासून बरोबर १ मीटरवरही नको, कारण ४ मीटर लांबीत तिथे दुसरी मोड म्हणजे ८६ हर्ट्झ शून्यावर येते आणि ड्रमचा बराचसा जोर त्याच भागात असतो. डोकं मागच्या भिंतीपासून १.३ ते १.५ मीटर राहील असं बसून बघा. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा असा एक नियम सांगतात, तो तुमच्या रूममध्ये १.५२ मीटर येतो, सुरुवात करायला चांगला आहे पण सुरुवातच, तिथून दहा-दहा सेंटीमीटर पुढे मागे सरकत ऐका. एखादं गाणं लावा ज्यात बेस गिटार वरखाली चालत राहतो, आणि ज्या जागी त्याच्या सगळ्या नोट्स त्यातल्या त्यात सारख्या ऐकू येतात ती तुमची जागा. घरात सोफा कायमचा मध्ये ठेवणं जमणार नाही हे मला कळतं, तर ऐकायच्या वेळेपुरती एक हलकी खुर्ची तिथे ठेवा, फरशीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवली की झालं.

मग स्पीकर. स्पीकरचा बास सगळ्या दिशांना पसरतो, मागेही जातो, स्पीकरच्या मागच्या भिंतीवर (जी तुम्हाला बसल्यावर समोर दिसते) आपटून परत येतो आणि पुढे चाललेल्या लाटेत मिसळतो. वूफरपासून (स्पीकरमधला बास वाजवणारा मोठा पडदा) त्याच्यामागच्या भिंतीचं अंतर ज्या लाटेच्या पाव भागाइतकं असेल ती लाट परत येईपर्यंत उलटी झालेली असते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. हिशोब सोपा आहे, ३४३ भागिले अंतराच्या चौपट. वूफर भिंतीपासून अर्धा मीटर असेल तर १७० च्या आसपास खड्डा, १ मीटर असेल तर ८६ ला. १७० च्या आसपास पुरुषी आवाजाचा भरीवपणा असतो, तो गेला की आवाज पातळ होतो आणि मग माणसाला वाटतं एम्पमध्ये दम नाही. लक्षात घ्या की अंतर वूफरच्या तोंडापासून मोजायचं, बॉक्सच्या पाठीपासून नाही, इथे पुष्कळ जण चुकतात.

दोन रस्ते आहेत. एक, स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ न्या, म्हणजे खड्डा वर सरकतो आणि तिथे मागे लावलेलं १० सेंटीमीटर जाडीचं आवाज शोषणारं पॅनेल त्याला बऱ्यापैकी आवरू शकतं, पण भिंतीमुळे खालचा बास वाढतो, तो नंतर ईक्यूने (इक्वलायझर, ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची सोय) कमी करावा लागतो. दोन, पुढे आणा आणि खड्डा कुठे पडतोय ते बघत जागा ठरवा. तुमच्या ३ मीटर रुंदीत मी वूफरचं तोंड समोरच्या भिंतीपासून ५५ ते ७५ सेंटीमीटरमध्ये कुठेतरी आणि बाजूच्या भिंतींपासून ६० च्या पुढे ठेवून सुरू करेन, फक्त समोरची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी ही तीन अंतरं एकसारखी येऊ देऊ नका, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात. दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा त्रिकोण समभुज असावा म्हणतात, थोडा लांबट झाला तरी चालतो, पण डावं-उजवं सारखं हवं, दोन्ही बाजूंची अंतरं टेपने मोजून ठेवा, डोळ्यांनी नाही. ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर. आणि स्पीकर कोपऱ्यात तर अजिबात नको, तीन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे प्रत्येक जण खालचा बास वाढवतो आणि तुमच्याकडे तो आधीच जास्त झालाय.

इतकं करायला एक रविवार पुरतो आणि खर्च काही नाही. यानंतर काही दिवस नुसतं ऐका, लगेच पॅनेल आणायला धावू नका. मला सगळ्यात जास्त समाधान या टप्प्यावर मिळतं, कारण तोच स्पीकर, तोच एम्प, आणि माणूस ओळखीचं गाणं लावून गप्प बसून ऐकत राहतो.

आता टोचणाऱ्या आवाजाकडे येऊ. तुमच्याइतक्या रूममध्ये साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली वेगळ्या वेगळ्या मोड्सचं राज्य असतं आणि त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना आवाज प्रकाशासारखा भिंतींवरून परावर्तित होत फिरतो असं मानून चालता येतं. ही सीमा मानफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने काढतात, प्रतिध्वनी काळ (आवाज थांबल्यावर तो रूममध्ये विरायला लागणारा वेळ) भागिले घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. यातून कामाची गोष्ट एवढीच घ्या की खालच्या आणि वरच्या भागाचे उपाय वेगळे असतात, एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे वाया.

वरच्या भागाचं गणित हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी बसवलं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियमचं लेक्चर हॉल इतकं घुमायचं की वक्त्याचं बोलणं कळायचं नाही, तर हा माणूस शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या सीटच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचने मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायचा. त्यातून जे सूत्र निघालं ते अजून वापरतो आपण: प्रतिध्वनी काळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. लहान रूममध्ये ते काटेकोर लागू होत नाही पण अंदाजाला उत्तम आहे. तुमच्या रूमचं घनफळ ३३.६ घनमीटर. समजा आत्ता काळ ०.८ सेकंद आहे, टाइल्स आणि काच बघता तेवढा असू शकतो, आणि आपल्याला ०.४ च्या आसपास आणायचाय जो घरी ऐकायला छान असतो, तर साधारण पावणेसात चौरस मीटर पूर्ण शोषण, म्हणजे आलेला आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग, वाढवावं लागेल. भिंती, छत, फरशी मिळून रूमचा पृष्ठभाग ६३ चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम नववा हिस्सा. आणि यातला बराच भाग जाड गालिचा, पडदे आणि भरलेलं फर्निचर यातूनच निघतो. सगळ्या भिंती झाकायची गरज नाही हे मला यातून सांगायचंय.

झाकायचं ते कुठे, हा खरा प्रश्न. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सपाट धरून सरकवायला सांगा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल ती पहिल्या रिफ्लेक्शनची (परावर्तनाची) जागा. तिथून येणारा आवाज तुमच्याकडे सरळ येणाऱ्या आवाजाच्या काही मिलिसेकंद मागे पोचतो, दीड मीटर जास्त चालला तर साधारण ४.४ मिलिसेकंद. इतक्या कमी वेळात मेंदू त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकत नाही, दोन्ही एकत्र धरतो, पण आवाजाचा पोत बदलतो आणि समोर गायक कुठे उभा आहे, वाद्यं कुठे आहेत ते चित्र पुसट होतं. दोन्ही बाजूच्या भिंती, छत आणि फरशी, सगळीकडे अशी जागा असते. फरशीवर जाड गालिचा, खाली जाड अंडरले (गालिच्याखालचा मऊ थर) घालून. तुमच्याकडे टाइल्स आहेत म्हणून हा गालिचाच वरच्या टोचण्यात मोठा फरक पाडेल. खिडकीला जाड कापडाचा, भरपूर चुण्या पडतील इतका रुंद पडदा, काचेपासून दहा-पंधरा सेंटीमीटर सोडून. ताणून लावलेला पातळ पडदा आवाजाच्या दृष्टीने असून नसल्यासारखा.

बाजूच्या भिंतींबद्दल मात्र जाणकारांमध्ये मतभेद आहेत. फ्लॉइड टूल यांचं आयुष्यभराचं संशोधन असं सांगतं की स्पीकर बाजूला फेकत असलेला आवाजही चांगल्या दर्जाचा असेल तर बाजूची रिफ्लेक्शन्स बऱ्याच ऐकणाऱ्यांना आवडतात, आवाज मोठा आणि मोकळा वाटतो. मिक्सिंग करणाऱ्याला ती नको असतात. माझं मत तुमच्यासारख्या ३ मीटर रुंदीच्या रूममध्ये भिंती फार जवळ असल्याने थोडं शोषण हवंच, पण आधी खिळे ठोकू नका, जाड रजई किंवा गादी त्या जागी उभी करून दोन-चार ओळखीची गाणी ऐका, मग काढून ऐका, आणि तुमच्या कानाला जे बरं वाटेल ते ठेवा. एका बाजूला खिडकी आणि दुसरीकडे भिंत असेल तर दोन्हीकडचं शोषण सारखं होईल असं बघा, नाहीतर गायक एका बाजूला सरकलेला ऐकू येतो.

पॅनेलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे खूप पैसे वाया जातात. बाजारात अडीच सेंटीमीटर जाडीचे टोकदार फोमचे तुकडे मिळतात, लोक सगळी भिंत त्याने भरतात आणि फोटोत स्टुडिओ दिसतो. असा पातळ फोम फक्त वरचे सूर खातो. मधला आणि खालचा आवाज जसाच्या तसा राहतो, उलट वरचं गेल्यामुळे तो जास्तच उठून दिसतो, रूम दबकी आणि घुमणारी दोन्ही एकदम होते आणि ती पहिल्यापेक्षा वाईट असते. अंड्याचे ट्रे तर तेवढंही करत नाहीत, शिवाय पेट लवकर घेतात, ते घरात भिंतीला लावूच नका. कारण असं आहे की सच्छिद्र माल हवेची हालचाल अडवून आवाज शोषतो, आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही, हालचाल सगळ्यात जास्त असते भिंतीपासून पाव लाट अंतरावर. १००० हर्ट्झची पाव लाट साडेआठ सेंटीमीटर, १०० हर्ट्झची ८६ सेंटीमीटर. म्हणून जाडी लागते, आणि भिंतीपासून अंतर लागतं.

मी जे करतो ते असं: १० सेंटीमीटर जाड रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या धाग्यांच्या गाद्या), घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेचं, ६० बाय १२० सेंटीमीटरच्या लाकडी फ्रेममध्ये, भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे. मागची पोकळी फुकटची जाडी आहे, ती सोडू नका. फ्रेमला मागून प्लायवूड ठोकायचं नाही, मागची बाजू मोकळी, फक्त कापड. पुढचं कापड असं हवं की तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा आरपार जाते, रेक्झिन किंवा प्लास्टिकसारखं काही लावलं की वरचे सूर परत फिरतात. काम करताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तो धागा कातडीला फार खाजतो आणि श्वासात जाऊ देऊ नये, आणि कापडाच्या आत एक पातळ न विणलेलं अस्तर घाला म्हणजे धागे बाहेर येणार नाहीत. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर पाय लावून उभी पॅनेल करा, जागेनुसार हलवता पण येतात.

अशी पॅनेल आधी कोपऱ्यांत घाला. कोपऱ्यात सगळ्या मोड्सचं प्रेशर जमा होतं, आणि ६० सेंटीमीटर रुंद पॅनेल कोपऱ्यात तिरकं लावलं की मागे जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर पोकळी आपोआप मिळते. फरशीपासून छतापर्यंत, निदान समोरचे दोन कोपरे, जमलं तर चारही. पोकळी पण रॉकवूलने भरली तर अजून बरं. सोफ्याच्या मागची भिंत जर जवळ असेल तर तिथेही जाड पॅनेल हवं. पण खरं सांगतो, ६० हर्ट्झच्या खाली घरात मावेल एवढ्या पॅनेलने फार होत नाही, तिथे जागा बदलणं आणि ईक्यू हेच खरे उपाय. दोन उघड्या समांतर भिंती उरल्या असतील तर टाळी वाजवून बघा, झर्र असा धातूसारखा आवाज आला तर तो दोन भिंतींमध्ये पुढेमागे फिरणारा प्रतिध्वनी, त्यातल्या एका भिंतीवर वेगवेगळ्या खोलीची पुस्तकं भरलेलं उघडं शेल्फ ठेवलं तरी तो मोडतो.

मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड म्हणून जॉन मुलकाही यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि कॅलिब्रेशन फाइलसह (त्या माइकच्या चुका भरून काढणारी फाइल) येणारा यूएसबी माइक घ्या, पैसे घालायचेच असतील तर पहिले इथे घाला. माइक कानाच्या जागी, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत स्वीप (सलग चढत जाणारा सूर), डावा आणि उजवा वेगवेगळा. आणि नुसती रेष बघू नका, वॉटरफॉल नावाचा आलेख बघा, कुठली फ्रिक्वेन्सी किती वेळ रेंगाळते ते तिथे दिसतं आणि कानाला घुमणं म्हणजे ते रेंगाळणं. माइक नसेल तर ३० ते २०० हर्ट्झचा टोन हळूहळू वर नेत ऐका, कुठे फुगतो कुठे बुडतो ते लिहून ठेवा. त्यातच कपाटाची काच, खिडकीची चौकट, दाराची कडी कुठे थरथरते तेही सापडेल, अशी खरखर लोक स्पीकर फाटला समजून बसतात.

ईक्यू सगळ्यात शेवटी, आणि २५० च्या खालीच. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लाटा एकमेकींना खोडतायत, तिथे आवाज वाढवला की दोन्ही वाढतात आणि खड्डा तसाच राहतो, फक्त १० डेसिबल वाढवायला एम्पला दहापट पॉवर द्यावी लागते आणि वूफर मरतो. मोडचा उंचवटा मात्र बरोबर जागी, बरोबर रुंदीने कापला तर तिचं रेंगाळणं पण कमी होतं, तुमचा ६० चा ढीग असा बराच आवरेल. डोक्याच्या आजूबाजूला पाच-सहा जागी मोजून जो उंचवटा सगळीकडे दिसतो तोच कापा.

शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये हाही हेतू असेल तर यातलं काही उपयोगी पडणार नाही, त्याला वजनदार भिंती आणि हवाबंद फटी लागतात, तो पूर्ण वेगळा विषय आहे. आणि पुढे सबवूफर (फक्त खालचा बास वाजवणारा वेगळा स्पीकर) घ्यायचं मनात असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या, एक समोरच्या भिंतीच्या मधोमध आणि एक मागच्या. ४३ ची मोड समोरच्या भिंतीवर आणि मागच्या भिंतीवर उलट असते, दोन्ही सब एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच वेळी एकाच दिशेने ढकलत, वाजले की ती उठतच नाही, आणि रुंदीच्या मधोमध असल्यामुळे ५७ ची मोडही जवळपास गप्प राहते. उंचीची ६१ तेवढी उरते, ती ईक्यूने कापा.